भोरबाईंची फरशी

भोरबाईंबद्दल लिहायचं म्हणजे मुंग्यांबद्दल लिहावं लागणार, आणि मुंग्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. सव्वीस वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली मी बाईंबरोबर. मी फिजिक्स शिकवायचो, त्या बायॉलॉजी. डबा उघडला की मुंगी, जर्नल तपासायला घेतलं की मुंगी, गप्पांना बसलं की पुन्हा मुंगी. रिटायर झालो तेव्हा म्हटलं, चला, सुटलो एकदाचे. आता निरगुडसर गावातल्या आपल्या घरी ओसरीवर खुर्ची टाकून बसायचं आणि कुणाचं काही ऐकायचं नाही. तर गेल्या महिन्यात बाईंचा धाकटा भाऊ दिनकर मोटरसायकल घेऊन दारात हजर. मागे युरियाची जुनी गोणी बांधलेली, आणि गोणीत बाईंच्या वह्या.

"आक्का सांगून गेलती, सरांना द्या म्हनून," दिनकर म्हणाला. "आमच्याकडं ठिवल्या तर वाळवीच लागल."

बाई जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. माणसाला असं जाता यावं असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. पण ती गोणी ओसरीवर टेकली तेव्हा ती सोडायच्या आधी मी चहाचं सांगायला आत गेलो.

मंदाकिनी भोर. महाळुंगे पडवळच्या. ज्युनिअर कॉलेजची पोरं त्यांना पाठीमागे 'मुंगी मॅडम' म्हणायची आणि बाईंना ते माहीत होतं. अंगाने किडकिडीत, सुती साडी, पायात रबरी सपाता, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग. हे भिंग म्हणजे गावाला मोठं कोडं होतं. बाईंना येडगावला दिलेलं होतं, धरणाच्या पाण्यालगतच्या घरात. दीड वर्षात त्या परत आल्या त्या कायमच्या. मंगळसूत्राच्या जागी हे भिंग. एका पालकाने मला एकदा गंभीरपणे विचारलं होतं, "सर, त्यात कसला ताईत हाय का वो?"

का परत आल्या, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही एस.टी.ची वाट बघताना, सहज. "तिथे कुणी छळ केला नाही हो. कुणी बोलतच नव्हतं माझ्याशी. घरात नऊ माणसं, आणि मी भिंतीशी बोलायचे." मग एस.टी. आली आणि विषय संपला.

बाईंचं एक वाक्य ठरलेलं होतं: "नोंद केली का?" कुणी काहीही सांगो. शिपाई म्हणायचा, नळाला पाणी आलं नाही. "नोंद केली का?" क्लार्क आणि प्राचार्यांचं भांडण झालं. "नोंद केली का?" मी एकदा वैतागून सांगितलं की बायकोने सकाळपासून अबोला धरलाय. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "किती वाजल्यापासून? नोंद केली का?" आता अशा बाईवर रागवायचं तरी कसं?

स्टाफरूममध्ये मुंग्यांना मारायची सोय नव्हती. शिपायाने एकदा मुंग्या मारायचा खडू आणून कपाटाभोवती रेघ ओढली, तर बाईंनी पदर खोचला, ओलं फडकं घेतलं आणि सगळी रेघ पुसून काढली. मग साखरेच्या डब्यात मुंग्या. मी चहाचा कप पुढे करून म्हटलं, "बाई, हे बघा तुमचे पाहुणे." त्यांनी भिंग लावून कपात पाहिलं. "या काळ्या धावऱ्या. निरुपद्रवी आहेत. गाळून प्या." आणि मी गाळून प्यायलो. सव्वीस वर्षं मी चहा गाळून प्यायलो आहे, लोकांना खरं वाटत नाही.

शिकवायच्या मात्र झकास. आमच्या दोन वर्गांमध्ये पत्र्याचं पार्टिशन होतं, त्यामुळे माझा प्रकाशाचा धडा आणि त्यांचा मुंग्यांचा धडा एकमेकांत मिसळायचा. एकदा पलीकडून ऐकू आलं, "तुमच्या घराला वास येतो का?" पोरं म्हणाली, नाही. "येतो. प्रत्येक घराला येतो. फक्त घरच्याला येत नाही, पाहुण्याला येतो." एक पोरगी उठून म्हणाली, "बाई, माझी मामी म्हणते आमच्या घराला कांद्याचा वास येतो." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "मामीचं बरोबर आहे. मामी पाहुणी. मुंगीचं सगळं गणित या वासावर चालतं. मिशा लावून वास घेतात. घरचा असला तर आत, परका असला तर तिथेच तुकडे. मग सांगा, अशा घरात घुसून आयतं खायचं असेल तर कुणाला जमेल?"

माझी पोरं आरशाची सूत्रं सोडून तिकडेच कान लावून बसलेली. कुणी म्हणालं चोर, कुणी म्हणालं साप. बाई म्हणाल्या, "परक्याला नाही जमत. जमतं ते नात्यातल्याला."

हे नात्यातलं प्रकरण मला त्यांनी प्रत्यक्ष दाखवलं. थंडीतला शनिवार होता, सकाळची शाळा सुटलेली. त्यांची एस.टी. चुकली म्हणून मी स्कूटरवरून महाळुंग्याला सोडायला गेलो आणि फसलो. घरी न जाता त्या मला थेट शेताच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. बांधावर एक बोरीचं झाड, बुंध्याशी शहाबादी फरशीचा एक मोडका तुकडा जमिनीवर पडलेला. तो तुकडा बाईंनीच काही वर्षांपूर्वी आणून टाकला होता. ऊन लागलं की फरशी तापते, मुंग्या आपली अंडी-पिल्लं उबेला वर आणून ठेवतात. आपण फरशी उचलायची, अलगद, आणि बघायचं. इतकी साधी युक्ती. पण त्यासाठी बाईंना उकिडवं बसावं लागे आणि त्यांचे गुडघे तेव्हाच कामातून गेलेले होते. बसताना "आई गं" आणि उठताना "आई आई गं."

फरशी उचलली. खाली बारीक लालसर मुंग्यांची ही धांदल. अधूनमधून मोठ्या डोक्याचे शिपाई.

"ही घरची राणी. जाडजूड ती. आता तिच्या डावीकडे बघा. बारीक, चकचकीत, अंगावर केस. दिसली?"

मला काही दिसेना. भिंग घेतलं, चष्मा काढला, चष्मा घातला. शेवटी दिसली. घरच्या राणीच्या निम्मीसुद्धा नव्हती. एक कामकरी मुंगी तिला तोंडाने घास भरवत होती.

"ही उपरी," बाई म्हणाल्या. "हिला स्वतः खाता येत नाही. हिच्या पोटी कामकरी जन्मतच नाहीत, नुसत्या राण्या आणि नर. हिची पोरं या वाढवतात. आणि यांना पत्ता नाही."

"मग ही आली कुठून?"

"तीच तर गंमत आहे, शिंदे सर." बाई तिथेच मातीत फतकल मारून बसल्या. "ही यांच्यातलीच. फार फार पूर्वी एकाच आईच्या लेकी. राण्यांना पंख फुटतात, उडून जातात, आपापलं घर मांडतात. एखादी उडते आणि परत आईच्याच घरट्यात शिरते. घरच्या घेतात तिला आत, वास घरचाच ना. बरं चालतं सगळं. मग तिच्या लेकी तशाच परत येतात, त्यांच्या लेकी तशाच. हजारो पिढ्या. हळूहळू अंगात बदल होत जातात, काम सुटतं, जबडा दुबळा होतो, शेवटी जातच वेगळी होते. पण जगात हिचं सगळ्यात जवळचं नातं कुणाशी? ज्यांच्या ताटात जेवते त्यांच्याशीच. बऱ्याचशा उपऱ्यांचं असंच आहे. काही जाती वाईट असतात, दुसऱ्यांची पिल्लं पळवून आणून राबवतात, काही घरच्या राणीचा गळाच कापतात. ही गरीब आहे. कोपऱ्यात बसते, मिळेल ते खाते."

"म्हणजे भाऊबंदकी म्हणा की."

"भाऊबंदकीच. पण दिसतंय का भांडण कुठे?" त्यांनी फरशी जागेवर ठेवली. मग हसत म्हणाल्या, "उडाली आणि परत आईच्या घरात शिरली. आहे ना ओळखीची गोष्ट? मला पहिल्यांदा हे उमगलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही नीट."

मी म्हटलं, "काहीतरीच काय बाई. तुम्ही नोकरी करता, पगार घरात देता. दिनकरचं शिक्षण तुम्ही केलंत."

"ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण एकटी राहिले असते का मी कधी? मंचरला खोली घ्यायची किती वेळा ठरवलं. नाही जमलं. मला भीती वाटते हो एकटीची. हे माझं मलाच माहीत."

अशी बाई मोकळी झाली की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. मी स्कूटरला किक मारायला लागलो.

पुढचं सांगायचं तर ही उपरी मुंगी बाईंना त्या एकाच घरट्यात सापडली होती. दुसरीकडे कुठेच नाही. सुट्ट्यांमध्ये त्यांनी कळंबपासून येडगावच्या धरणापर्यंत बांध पालथे घातले. येडगावलाही गेल्या, सासरच्या शिवारात, फरश्या उचलत. नाहीच. त्यांनी एक मेलेली राणी औषधाच्या बाटलीत घालून पुण्याच्या एका मोठ्या तज्ज्ञांना पाठवली, ती वाटेत मोडली. तज्ज्ञांनी कळवलं, प्रकार नवीन दिसतोय, पण एवढ्यावरून काही सांगता येणार नाही, जिवंत घरटं जागेवर बघावं लागेल, मी स्वतः येतो, तोपर्यंत हलवू नका. आज येतो, उद्या येतो करत त्यांची दोनेक वर्षं गेली. बाई आपल्या वाट बघतायत. त्यांना नाव वगैरे नको होतं. "कुणीतरी जाणत्याने येऊन म्हणावं की हो, बाई, तुम्ही बघितलंत ते आहे," एवढंच त्यांना हवं होतं. चौदा वर्षांच्या नोंदी त्या एका फरशीखालच्या होत्या.

आणि ती फरशी होती दिनकरच्या जमिनीत. म्हणजे दिनकर आणि बाई दोघांच्या. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली होती. आमच्याकडे बहिणी हक्कसोड करून देतात. भावाला जमीन, बहिणीला साडीचोळी आणि माहेरचं दार उघडं, अशी ती रीत. बाईंनी सही केली नव्हती. दिनकर दरवर्षी विषय काढायचा, बाई दरवर्षी "बघू" म्हणायच्या. गावात बोलणं व्हायचंच. "पगार हाय, पेन्शन यील, अन् वर जमिनीत वाटा बी पायजे. शिकल्याली बाई हाय राव, सोडती व्हय?"

खरं कारण मला ठाऊक होतं. "माझं नाव आहे तोवर त्या कोपऱ्यात जेसीबी लावायचा तर मला विचारावं लागेल," त्या म्हणायच्या. "जमीन काय करायची मला?"

मी म्हटलं, "मग दिनकरला नीट समजावून सांगा की, कोणती मुंगी, काय प्रकार."

बाई म्हणाल्या, "लताच्या तोंडून एकदा निघून गेलं होतं, आयतं ताट मिळतंय म्हणून. चिडली होती, नंतर रडली पण. आता मी घरात बसून सांगू का, की त्या कोपऱ्यात एक आयतं खाणारी आहे, ती मला जपायची आहे? तिला टोमणा वाटेल. नाहीतर माझीच कबुली वाटेल." लता म्हणजे दिनकरची बायको. वाईट नाही, राबणारी आहे, पण जीभ सुटली की सुटली.

दिनकर तर त्याहून सरळ. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, मला लिहायला सोपं गेलं असतं. बहिणीला 'आक्का' सोडून हाक नाही. एस.टी. चुकली की स्वतः घ्यायला यायचा. त्याला फक्त कांदा साठवायला बराख बांधायची होती, चांगली, जाळीची, हवा खेळती राहील अशी, आणि सरकारी योजनेत नाव घालायला सातबारा एकट्याच्या नावावर हवा होता. "आक्का, कांदा सडतो गं उघड्यावर," एवढंच म्हणायचा.

बाईंच्या रिटायरमेंटच्या वर्षी एकदा सगळा कांदा पावसात सापडला. दिनकर दोन दिवस नुसता सडका कांदा निवडत बसला. तिसऱ्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "शिंदे सर, घोडेगावला यायचं. साक्षीदार म्हणून."

घोडेगावच्या रजिस्टर कचेरीत बाईंचा अंगठा मशीनवर उमटेना. खडूने घासलेला अंगठा. चार वेळा पुसला, तेल लावलं, मग एकदाचा उमटला. साहेबाने नेहमीचा प्रश्न विचारला, "स्वखुशीने सोडताय ना, ताई?"

"हो."

"काही मोबदला?"

"एक कोपरा," बाई म्हणाल्या.

साहेबाने कागदात बघितलं. "इथे तसं काही लिहिलेलं नाही."

"लिहायचं नाहीये. भावाला सांगितलंय."

मी टेबलाखालून त्यांना ढोसलं, बाई, लिहून घ्या. त्यांनी लक्ष दिलं नाही. बाहेर दिनकर साडीचोळीची पिशवी घेऊन उभा होता. वाकून पाया पडला. "आक्का, त्या बोरीखालचा कोपरा तुझा. बराख मी पल्याडच्या अंगाला बांधतो. तुझ्या मुंग्यास्नी कुनी हात लावनार न्हाई. शबूद हाय माझा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंच्याही.

आणि शब्द पाळला त्याने. बराख पलीकडे उभी राहिली. जेसीबीवाल्याला त्याने स्वतः बोरीच्या अलीकडे उभं राहून अडवलं. बाई फोनवर सांगायच्या, "अहो, चुना टाकून रेघ मारली त्याने, याच्या आत यायचं नाही म्हणून!" इतक्या आनंदात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्याच सुमारास तज्ज्ञांचं पत्र आलं: दिवाळीनंतर नक्की येतो. तारीखसुद्धा दिली.

मग बाईंनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "तज्ज्ञ येणार आणि मला माझीच मुंगी दिसू नये?" पुण्याला भाचीकडे राहून त्यांनी एकामागून एक दोन्ही डोळे करून घेतले. तीन आठवडे लागले. दिनकर कांद्याच्या रोपांत अडकलेला, म्हणून आणायला मी गेलो. गाडीत बाई सारख्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि पाट्या वाचून दाखवत होत्या. खेडच्या पुढे तर मी डोळे मिटून घेतले, इतकं वाचत होत्या.

घरी पोचलो तर दिनकर फाटकातच उभा. लताही बाहेर आलेली, हात पदराला पुसत. दोघं हसत होती.

"आक्का, डोळं झाक. एक दावायचंय."

"अरे, आत्ताच तर उघडलेत," बाई म्हणाल्या.

दिनकरने हात धरला आणि नेलं. मी मागून. वळणावरून बोर दिसली आणि मी थांबलोच.

बोरीच्या बुंध्याभोवती ओटा होता. गुडघाभर उंच, पॉलिश केलेल्या शहाबादी फरशीचा, कडा गोल घासलेल्या, पाठ टेकायला एका बाजूला छोटी भिंत. गवंड्याने मन लावून केलेलं काम होतं.

"तू तिथं उकिडवी बसतीस, मला बघवत न्हाई गं," दिनकर सांगत होता. "गुडघं गेल्यात तुझं. म्हनलं, आक्काला बसायला नीट जागा पायजे. बस आता आरामात अन् बघ तुझ्या मुंग्या. पाया चांगला दोन फूट घेतलाय, हालायचा न्हाई. खांदताना लई चावल्या गवंड्याच्या मान्सांना, मग जरा पावडर मारली, पन थोडीच. मुंग्या काय, येत्यात परत. अन् ही बघ, तुझी जुनी फरशी टाकून दिली न्हाई हां. मदोमद बशिवलीय."

मोडका तुकडा खरंच मधोमध बसवलेला होता, सिमेंटमध्ये, कडेने नक्षीसारखे खडे लावून.

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी काळा चष्मा काढला. नव्या डोळ्यांनी त्या फरशीकडे बघत राहिल्या. किती वेळ कोण जाणे. लता म्हणाली, "आवडला न्हाई का, आक्का?" आणि तिचा आवाज इतका घाबरा आला की मलाच कसंतरी झालं.

बाई ओट्यावर बसल्या. हाताने फरशी चाचपली. "छान झालाय रे," त्या म्हणाल्या. "गुडघ्यांना बरं पडेल."

मी दुसऱ्या दिवशी परत गेलो, भांडायलाच गेलो. ओट्यावर बाई एकट्या होत्या. मी म्हटलं, "बाई, मी सांगतो दिनकरला. त्याला कळलं पाहिजे काय केलंय त्याने. चौदा वर्षं! सही दिलीत, जमीन दिलीत, आणि हे?"

"आवाज खाली करा, शिंदे सर."

"का करू? इतकी वर्षं या घराने तुमचं घेतलं, आणि तुम्ही स्वतःलाच उपरी समजत बसलात! कोण कुणाच्या जिवावर जगलं, सांगा बघू."

सव्वीस वर्षांत बाई माझ्यावर पहिल्यांदा चिडल्या. "शिंदे सर, हे वर्गात शिकवायचं आहे, माणसांना लावायचं नाही. उदाहरणापुरतंसुद्धा नाही. माझी चूक झाली, मी लावलं, स्वतःला लावलं. म्हणून तर त्याला नीट सांगितलं नाही. लाज वाटली मला. सांगितलं असतं तर त्याने तिथे कुदळ लावली असती का?" मग त्या शांत झाल्या. "आता सांगितलं तर तो हा ओटा फोडेल. उद्या सकाळी फोडेल, ओळखते मी त्याला. आणि खाली काय सापडणार आहे? फक्त आयुष्यभर त्याच्या मनाला लागून राहील. मला शब्द द्या, सांगणार नाही म्हणून."

दिला शब्द. काय करतो?

तज्ज्ञांना त्यांनी माझ्यासमोरच फोन केला. "सर, येऊ नका. घरटं गेलं. हो, परतीच्या पावसात. बांध वाहून गेला." पलीकडून ते काहीतरी बोलले. बाई म्हणाल्या, "नाही नाही, तुमचा काय दोष," आणि फोन ठेवला. त्या इतक्या दमलेल्या दिसत होत्या की मी भांडायचं विसरलो. आयुष्यभर नोंदी खऱ्या करणारी बाई, तिने एवढं एक खोटं सांगितलं आणि नंतर किती वेळ हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. उन्हाळा सरत आलेला, संध्याकाळचे पाच वाजले असतील. रस्त्यावरूनच दिसलं, बाई ओट्यावर भिंतीला पाठ टेकून बसलेल्या, मांडीवर वही, गळ्यात भिंग. दिनकर चहाचा कप घेऊन बांधावरून चालत येत होता, सांडू नये म्हणून पावलं मोजून. कप त्याने त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "दिसत्यात का गं मुंग्या?"

"दिसतात की," बाई म्हणाल्या. "पुष्कळ."

मी थांबलो नाही. हॉर्न वाजवला, हात हलवला, बाईंनीही हलवला. घरी जाऊन नीट भेटायला हवं होतं. कंटाळा केला, आणखी काय. वाटलं, आहेत की, भेटू.

तर, गोणी. दिनकर ओसरीवर चहा घेत होता आणि मी वह्या काढून बघत होतो. बाईंचं अक्षर मुंगीएवढंच. तारखा, वेळा, ऊन किती, फरशी किती तापलेली, उपरी कुठे बसली, कुणी भरवली. एकेका पानावर एकेक सकाळ. सगळ्यात खाली शेवटची वही होती, ओटा झाल्यानंतरची. मला वाटलं कोरी असेल. कोरी नव्हती.

"सोमवार. सायं. ५.१०. दिनू आला. उभाच राहिला. चहा. साखर जास्त. मुंग्या: नाहीत."

"मंगळवार. ५.२५. दिनू आला. आज कडेला बसला. बराखीतला कांदा चांगला टिकलाय म्हणाला. दहा मिनिटं. मुंग्या: नाहीत."

"गुरुवार. ५.००. लता आली. पहिल्यांदाच. काही बोलली नाही. उठताना मला हात दिला. मुंग्या: नाहीत."

"शुक्रवार. ५.१५. दिनूला खोकला, तिसरा दिवस. ओव्याचा काढा द्यायला सांगणे. अर्धा तास बसला. लहानपणी बोरीवरून पडला होता ते निघालं. दोघं हसलो. मुंग्या: नाहीत."

पानामागून पान असंच. मला अक्षरं दिसेनात, मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"शेवटच्या वहीत काय ल्हिलंय, सर?" दिनकरने विचारलं. "ओट्यावर बसून रोज ल्हायची. म्या आलो की वही मिटायची. मला तिचं अक्षरच लागत न्हाई."

मी वही मिटली. "मुंग्यांचं लिहिलंय," म्हणालो.

त्याने बशीतला शेवटचा घोट घेतला, बशी कपाखाली नीट ठेवली.

"बऱ्या हायेत ना?"

"हो," मी म्हणालो. "बऱ्या आहेत."